साल चुकलेली विमानं

ऑगस्ट १९३८ च्या मध्यावर फ्रेंच हवाईदलाचे प्रमुख जनरल जोझेफ व्युईमँ सरकारी पाहुणे म्हणून बर्लिनला गेले. प्रवासासाठी त्यांनी मुद्दाम आमिओ ३४० हे नवंकोरं बॉम्बफेकी विमान घेतलं होतं. निमुळतं अंग, आत ओढून घेता येणारी चाकं, दोन दणकट इंजिनं आणि तेव्हाच्या कित्येक लढाऊ विमानांना मागे टाकणारा वेग. यजमानांवर छाप पाडायची होती आणि ती पडलीही. अडचण एवढीच होती की त्या जातीचं दुसरं विमान साऱ्या फ्रान्समध्ये नव्हतं.

जर्मनांनी पाहुणचारात कसर ठेवली नाही. एकामागून एक कारखाने दाखवले, तळ दाखवले. ओरानियेनबुर्गच्या हाइन्केल कारखान्यात तर त्यांनी चक्क नाटक वठवलं. जर्मन हवाईदलातले बडे अधिकारी अर्न्स्ट ऊडेट यांनी व्युईमँना एका संथ, छोट्या विमानातून फिरवून आणलं आणि नेमक्या त्याच वेळी हाइन्केल १०० हे लढाऊ विमान शेजारून सुसाट निघून गेलं. खाली उतरल्यावर त्यांचे सहकारी एर्हार्ड मिल्श यांनी अगदी सहज विचारल्यासारखं केलं, याचं उत्पादन कुठवर आलं? ऊडेट यांनीही तितक्याच सहजपणे सांगितलं की दुसरी उत्पादनसाखळी तयार आहे आणि तिसरी दोन आठवड्यांत सुरू होईल. प्रत्यक्षात ते विमान मोजकंच बनलं आणि जर्मन हवाईदलात कधी दाखलही झालं नाही.

व्युईमँ भित्रे नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांनी बॉम्बफेकी वैमानिक म्हणून नाव कमावलं होतं. १९२० मध्ये त्यांनी विमानातून सहारा ओलांडलं होतं आणि १९३३ च्या अखेरीस पोतेझ २५ जातीच्या विमानांचा ताफा घेऊन ते आफ्रिकाभर फिरून आले होते. तोच माणूस आता सांगू लागला की युद्ध पेटलं तर पंधरा दिवसांत फ्रेंच हवाईदल उरणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस म्युनिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला देण्यात आला. त्यामागे कारणं अनेक होती, पण करारावर सही करताना पंतप्रधान दालादिए यांच्या मनात आपल्या हवाईदल प्रमुखाचे शब्द नक्कीच असणार.

वीस वर्षांपूर्वी परिस्थिती नेमकी उलटी होती. १९१८ मध्ये फ्रेंच हवाई ताकद जगात अव्वल मानली जात होती. ब्रेगे १४ हे त्यांचं दिवसा बॉम्बफेक करणारं विमान जर्मन सैन्याच्या चांगलंच परिचयाचं झालं होतं. युद्धानंतर त्याच घराण्यातलं ब्रेगे १९ आलं आणि दोन हजारांहून जास्त बनलं. कित्येक देशांनी ते विकत घेतलं किंवा परवाना घेऊन स्वतः बांधलं. १९३० च्या सप्टेंबरमध्ये कॉस्त आणि बेलाँत यांनी पॅरिसहून न्यूयॉर्कला न थांबता उड्डाण केलं तेही याच विमानाच्या एका लांब पल्ल्याच्या आवृत्तीतून. त्याआधी, विशीच्या दशकात, मोरोक्कोतल्या रिफ बंडखोरांवर आणि सीरियातल्या द्रूझ उठावावर फ्रेंच विमानं बॉम्ब टाकत होती. समोर विमानवेधी तोफ नाही की लढाऊ विमान नाही, अशा आभाळात मिळालेला अनुभव फसवा ठरणार होता.

तिशीच्या दशकात युरोपच्या लष्करी वर्तुळांवर एका इटालियन जनरलच्या पुस्तकाची मोहिनी पडली होती. जुलिओ दूए यांनी १९२१ मध्येच मांडलं होतं की पुढचं युद्ध खंदकांत जिंकलं जाणार नाही. बॉम्बफेकी विमानांचे थवे शत्रूच्या शहरांवर आणि कारखान्यांवर कोसळतील आणि काही दिवसांत त्या देशाची उमेद मोडेल. या विचारावर फ्रान्समध्ये १९३५ साली निघालेल्या ग्रंथाला खुद्द मार्शल पेताँ यांची प्रस्तावना होती. हवाई अधिकाऱ्यांना हा विचार प्रिय असण्याचं आणखी एक कारण होतं. स्वतंत्रपणे युद्ध जिंकू शकणारं दल असेल, तर ते भूदलाच्या दावणीला बांधलेलं का राहावं? १९३३ मध्ये हवाईदलाला वेगळं नाव मिळालं आणि १९३४ च्या कायद्यानं त्याच्या स्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब झालं.

पण स्वातंत्र्य मिळालं तरी भूदलाचे सेनापती पाठ सोडेनात. त्यांना टेहळणीसाठी आणि रणांगणावरच्या मदतीसाठी विमानं हवी होती, हवाईदलाला दूरवर मारा करणारी हवी होती आणि तिजोरी दोघांना पुरेल एवढी नव्हती. यातून एक तडजोड निघाली. बॉम्बफेक, हवाई लढाई आणि टेहळणी ही तिन्ही कामं करणारं एकच विमान बनवायचं. जनरल व्हिक्तोर देनँ आधी हवाईदल प्रमुख आणि पुढे मंत्री झाले. या कल्पनेमागे त्यांचंच मोठं बळ होतं. कागदावर हिशेब चोख होता. प्रत्यक्षात झालं ते एक ना धड भाराभर चिंध्या. तीन कामांसाठी चार-पाच माणसं हवीत, माणसांना बसायला जागा हवी, चहूबाजूंना मशीनगनचे बुरूज हवेत, खाली बघायला काचेचा सज्जा हवा. एवढं सगळं लादलेलं विमान लढाऊ विमानासारखं चपळ होईना आणि बॉम्बफेकी विमानासारखा भारही उचलेना.

आमिओ १४३ हा त्या पिढीचा नमुना. मूळ मागणी १९२८ ची, पहिलं उड्डाण १९३१ चं आणि तुकड्यांत दाखल झालं १९३५ मध्ये. पंख इतके जाड की उडत्या विमानात माणूस आतून सरपटत इंजिनापर्यंत पोचू शकत असे. पोटाखाली काचेची लांबलचक कोठी, नाकावर आणि पाठीवर बुरूज, आणि चाकं कायमची बाहेर, त्यावर भलीमोठी धातूची आवरणं. वेग ताशी जेमतेम तीनशे किलोमीटर. शंभराहून जास्त बनली. जोडीला मार्सेल ब्लॉक यांच्या कारखान्यातलं कोनाकोनांचं ब्लॉक २०० होतं. त्याचा सुधारित भाऊ ब्लॉक २१० सुरुवातीला इंजिनं तापण्याच्या दुखण्यानं इतका हैराण होता की सगळी इंजिनं बदलावी लागली. चार इंजिनांचं फार्मां २२२ हे सगळ्यांत मोठं. त्याची इंजिनं दोन-दोनच्या जोडीनं पुढेमागे बसवलेली, पुढची ओढायची आणि मागची ढकलायची.

१९३४ मध्ये देनँ यांनी एक हजारावर विमानांची पहिली मोठी खरेदी योजना आखली. हिटलर सत्तेवर येऊन वर्ष उलटलं होतं आणि फ्रान्स वेळेत जागा झाला असंच कुणालाही वाटलं असतं. दुर्दैव असं की विमानविद्येत मोठी उलथापालथ होण्याच्या अगदी तोंडावर ही मागणी नोंदवली गेली. पुढच्या तीन-चार वर्षांत पत्र्याचं ताणलेलं कवच, आत जाणारी चाकं, उड्डाणात कोन बदलणारे पंखे, दुप्पट ताकदीची इंजिनं असं सगळं एकदम आलं. १९३४ ला मागवलेलं विमान १९३६ ला हाती आलं तेव्हाच म्हातारं झालं होतं. जर्मनांची पहिली पिढीही अशीच बाद झाली. फरक एवढाच की त्यांचे कारखाने नवे आणि मोठे होते, त्यामुळे दुसरी पिढी त्यांनी झपाट्यानं काढली. फ्रेंच कारखाने मात्र कसबी कारागिरांच्या कार्यशाळांसारखे होते. एकेक विमान हातानं ठोकून, घासून, जुळवून बनत असे.

या विमानांची पहिली खरी परीक्षा स्पेनमध्ये झाली. जुलै १९३६ मध्ये तिथे यादवी पेटली आणि कादंबरीकार आंद्रे मालरो यांनी प्रजासत्ताकाच्या बाजूनं परदेशी वैमानिकांची एक तुकडी उभी केली. तिच्याकडे मुख्यतः पोतेझ ५४० ही विमानं होती, म्हणजे त्या तिहेरी कामाच्या कल्पनेचं खास अपत्य. शत्रूची लढाऊ विमानं येईपर्यंत ती बरी चालली. ती आल्यावर एकेक करून पडू लागली. २७ डिसेंबर १९३६ ला त्यांतलं एक तेरुएलजवळच्या डोंगरात कोसळलं. बर्फातून वर चढलेल्या गावकऱ्यांनी जखमींना आणि मृताला डोंगरवाटांनी खाली आणलं. मालरो यांच्या १९३७ च्या ‘लेस्प्वार’ या कादंबरीत हा प्रसंग आहे आणि त्यांनी पुढे काढलेल्या चित्रपटाचा तर तो गाभाच आहे. हवाई मंत्रालयातल्या कुणी त्या पोतेझच्या नशिबावरून लगेच धडा घेतला असं दिसत नाही. फ्रान्समधल्या तुकड्यांत तीच विमानं उडत राहिली.

१९३६ च्या उन्हाळ्यात लेऑन ब्लूम यांचं डाव्या आघाडीचं सरकार आलं आणि हवाई खातं पुन्हा पिएर कॉट यांच्याकडे आलं. संप, चाळीस तासांचा आठवडा, आणि ऑगस्टमध्ये लष्करी कारखान्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा, हे सारं काही आठवड्यांत घडलं. विखुरलेल्या कंपन्यांच्या सहा सरकारी प्रादेशिक कंपन्या करण्यात आल्या. ब्लॉक आणि पोतेझ यांच्यासारखे जुने मालक त्यांतल्या दोन कंपन्यांचे व्यवस्थापक झाले. फेलिक्स आमिओ यांनी मात्र आपला धंदा खाजगीच ठेवला. कॉट स्वतः दूए पंथाचे होते आणि त्यांना बॉम्बफेकी विमानांचं मोठं दल हवं होतं. पण घडी मोडली की नवी बसायला वेळ लागतोच. १९३८ उजाडलं तरी सगळे कारखाने मिळून महिन्याला चाळीस-पन्नास लष्करी विमानंच बाहेर पडत होती. जर्मनीचा आकडा याच्या कित्येक पट होता.

जानेवारी १९३८ मध्ये गी ला शाँब्र हवाईमंत्री झाले. त्यांनी आखलेल्या पाचव्या योजनेत राखीव धरून सुमारे ४,७०० विमानं होती आणि पहिला मान लढाऊ विमानांना होता. आधी स्वतःचं आभाळ राखायचं, मग शत्रूचं, हा विचार रास्तच होता. कारखान्यांत नवी यंत्रं आली आणि पैसाही सैल सुटला. पण म्युनिकनंतर लक्षात आलं की आपले कारखाने दोन वर्षं तरी पुरे पडणार नाहीत. तेव्हा सरकारचे दूत म्हणून ज्याँ मोने यांना गुपचूप अमेरिकेला धाडण्यात आलं. मार्टिन १६७ आणि डग्लस डीबी-७ या दोन बॉम्बफेकी विमानांच्या मागण्या १९३९ च्या सुरुवातीला नोंदवल्या गेल्या. २३ जानेवारी १९३९ ला लॉस एंजेलिसमध्ये डग्लसचं एक चाचणी विमान कोसळलं आणि त्यातून एक जखमी फ्रेंच कॅप्टन बाहेर काढण्यात आला. तटस्थ म्हणवणारी अमेरिका आपली नवी विमानं परक्यांना दाखवतेय, हे त्या अपघातामुळे चव्हाट्यावर आलं. रूझवेल्ट यांनी तरीही सौदा मोडू दिला नाही. ही विमानं पेट्यांत भरून मोरोक्कोत कासाब्लांकाला येत आणि तिथे जोडली जात.

दरम्यान फ्रान्सच्या स्वतःच्या कारखान्यांतून एक खरोखर अव्वल विमान निघालं होतं. लिओरे-ऑलिव्हिए कारखान्याचं लेओ ४५ जानेवारी १९३७ मध्ये पहिल्यांदा उडालं. ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास वेग, चार माणसं आणि अंगावर कुठे फाजील गाठ नाही. तेव्हाच्या मध्यम बॉम्बफेकी विमानांत त्याच्या तोडीची विमानं मोजकीच होती. पण पहिली हिस्पानो इंजिनं दगा देऊ लागली, म्हणून नोम-रोनची इंजिनं बसवून त्याचं लेओ ४५१ झालं. मग पंख्यांचा तुटवडा पडला. उड्डाणाच्या वेळी एक इंजिन अडलं तर विमान सावरणं महाकठीण, म्हणून नवशिके वैमानिक त्याला बिचकत. पाठीवरच्या नेमबाजाकडे मागच्या दिशेनं रोखलेली २० मिलिमीटरची तोफ होती. अंगावर येणाऱ्या शत्रूला ती दुरूनच गाठू शकत असे. पण तिची साठ गोळ्यांची जड डबी संपली की हेलकावणाऱ्या विमानात, हातमोजे घातलेल्या हातांनी, ती उतरवून दुसरी चढवायची. तेवढ्या अवधीत शत्रूचं मेसरश्मिट लढाऊ विमान कुठे असेल, हे सांगायला नको. पोटाखालचा मशीनगनचा बुरूज वापरायचा तर तो खाली सोडावा लागे आणि विमानाची सगळी मिजास असलेला वेगच त्यामुळे कमी होई.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा हवाईदलानं स्वीकारलेली लेओ विमानं बोटांवर मोजण्याजोगी होती आणि व्युईमँच्या आमिओ ३४० वरून निघालेल्या ३५० मालिकेतलं एकही विमान तुकड्यांत नव्हतं. पुढचे आठ महिने बॉम्बफेकी तुकड्यांनी जर्मनीवर बॉम्ब टाकलेच नाहीत. टाकली ती पत्रकं. जर्मनांनी सूड म्हणून आपल्या उघड्या पडलेल्या कारखान्यांवर झेप घेऊ नये, म्हणून फ्रेंच सरकार ब्रिटिशांनाही आवर घालत होतं. या सवडीत बहुतेक तुकड्यांना दक्षिणेकडे पाठवून नवी विमानं शिकायला लावलं गेलं. निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे १० मे १९४० ला जर्मन रणगाडे सरहद्द ओलांडून आत शिरले तेव्हा ईशान्य आघाडीवर आधुनिक बॉम्बफेकी विमानं अगदी तुरळक उरली होती.

११ मे रोजी दहा लेओ विमानं मास्त्रिख्तच्या पुलांकडे आणि तिकडच्या रस्त्यांवर चाललेल्या रणगाड्यांच्या रांगांवर पाठवण्यात आली. एक पडलं आणि परतलेल्या बाकीच्यांची अंगं गोळ्यांनी चाळण झाली होती. उंचावरून, ठरलेल्या लक्ष्यावर मारा करण्यासाठी बांधलेलं विमान धावत्या ताफ्यांवर कमी उंचीवरून धाडलं जात होतं. दुसऱ्या दिवशी ब्रेगे ६९३ ची पाळी आली. हे दोन माणसांचं छोटं, चलाख विमान. जमिनीला घासून, झाडांच्या शेंड्यांवरून जायचं आणि ताफ्याच्या डोक्यावर बॉम्ब टाकायचे, ही त्याची रीत. तोंगेरेनच्या परिसरात १८ ब्रेगे विमानं जर्मन रांगांवर तुटून पडली. प्रत्येक रांगेसोबत हलक्या विमानवेधी तोफा होत्या आणि त्या फक्त या विमानांची वाट बघत होत्या. आठ विमानं परत आली नाहीत. या तुकड्यांनी मग झाडांवरून जायची रीत सोडून उंचावरून सूर मारायची रीत पत्करली.

मग आलं सेदाँ. १३ मे रोजी जर्मन सेनापती गुडेरियनच्या तुकड्यांनी म्यूझ नदी पार केली आणि गोलिए इथे तरंगता पूल टाकला. त्याच रात्री फ्रेंच सेनापती बिलॉत यांना कळून चुकलं की आता जय-पराजयाचा फैसला त्या पुलांवर होणार. १४ मे ला मिळेल ते विमान तिकडे धाडायचं ठरलं. लेओ कमी पडत होती, म्हणून ज्यांना रात्रीशिवाय सोडायचं नाही असा नियम होता ती आमिओ १४३ विमानं दिवसाढवळ्या निघाली. मेजर द लोबिए एका गटाचे प्रमुख होते. त्या दिवशी त्यांना उडण्याची सक्ती नव्हती, तरी आपल्या माणसांना जिथे पाठवतोय तिथे स्वतः न जाणं त्यांना पटेना. ते एका विमानात चढले आणि परतले नाहीत. पुढे कित्येक पुस्तकांत लिहिलं गेलं की त्या मोहिमेतली जवळजवळ सगळी आमिओ विमानं पडली. ते खरं नव्हे. पण जी परतली ती पूल न तोडताच परतली. त्याच दुपारी ब्रिटिशांनी ७१ विमानं पाठवली, त्यांतली ४० गेली. पूल उभाच राहिला आणि रणगाडे पलीकडे जात राहिले.

खंदकातल्या फ्रेंच शिपायाला डोक्यावर फक्त जर्मनांची स्टुका बॉम्बफेकी विमानं दिसत. आपली विमानं कुठे आहेत, हा त्याचा सवाल त्या मे महिन्यात साऱ्या देशाचा सवाल झाला. उत्तर विभागाचे हवाई सेनापती जनरल दास्तिए द ला व्हिजरी यांनी युद्धानंतर याला उत्तर म्हणून एक पुस्तकच लिहिलं. आकाश रिकामं नव्हतं, हाच त्याचा मथळा. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण शिपायाचं म्हणणंही खोटं नव्हतं, कारण विमानं होती आणि ती लढाईत नव्हती. कारखान्यातून निघालेलं विमान शातोदँसारख्या भांडारात येऊन थांबे. कुणाला तोफ मिळालेली नसे, कुणाला बॉम्ब टाकण्याची यंत्रणा, कुणाला पंखा, कुणाला बिनतारी संच. मे १९४० मध्ये फ्रेंच कारखाने महिन्याला चारशेच्या वर विमानं काढू लागले होते. युद्धबंदी झाली त्या दिवशी काही जातींची विमानं फ्रान्सकडे लढाईच्या पहिल्या दिवसापेक्षा जास्त होती. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

याच काळात आंत्वान द सैंतेक्झुपेरी ब्लॉक १७४ या विमानातून टेहळणी करत होते. २३ मे रोजी जळत्या आरासवरून ते कमी उंचीवरून गेले आणि त्या एका उड्डाणावर त्यांनी १९४२ मध्ये ‘पिलोत द गेर’ हे पुस्तक लिहिलं. छोट्या राजपुत्राचा हा लेखक त्या विमानात बसला होता, तेव्हा माहिती आणली तरी ती ऐकायला मुख्यालयच जागेवर नसेल हे तो जाणून होता. ब्लॉक १७४ अत्यंत वेगवान आणि देखणं विमान होतं. तेही १९४० च्या वसंतातच तुकड्यांत पोचलं.

हरत्या लढाईत एक गोष्ट मात्र घडली, तिचा फ्रेंच नौदलाला आजही अभिमान आहे. अटलांटिकवरून टपाल नेण्यासाठी बांधलेली फार्मांची तीन चार-इंजिनी विमानं नौदलानं ताब्यात घेतली होती. त्यांतल्या एकाचं नाव ‘ज्यूल व्हर्न’. ३ जूनला जर्मनांनी पॅरिस परिसरावर बॉम्ब टाकले आणि अडीचशेवर माणसं मेली. त्यानंतर ७ जूनला आँरी दाइयेर यांच्या नेतृत्वाखाली सहा जणांना घेऊन ‘ज्यूल व्हर्न’ बोर्दोजवळच्या मेरिन्याकहून उडालं. सरळ जर्मनीवरून जाणं म्हणजे आत्महत्या, म्हणून ते इंग्लिश खाडी, उत्तर समुद्र आणि डेन्मार्क ओलांडून बाल्टिककडून बर्लिनवर आलं. त्या बाजूनं कुणी येईल असं जर्मनांच्या ध्यानीमनी नव्हतं. एकच विमान आहे हे कळू नये म्हणून ते घिरट्या घालत राहिलं असं सांगतात. मग त्यानं सीमेन्सच्या कारखान्यांच्या दिशेनं दोन टनांच्या आसपास बॉम्ब टाकले. बॉम्बकोठीत न मावलेले छोटे आगलावे बॉम्ब खलाशांनी दरवाजातून हातानं लोटले. परतीला सरळ जर्मनीवरून ते पॅरिसजवळ ओर्लीला उतरलं. या युद्धात बर्लिनवर पडलेले दोस्तांचे हे पहिले बॉम्ब. ब्रिटिश बॉम्ब तिथे पडले ते ऑगस्टच्या अखेरीस. लष्करी नुकसान फारसं झालं नाही, पण टपाल वाहण्यासाठी बांधलेलं विमान जे करू शकलं ते बॉम्बफेकीसाठीच बांधलेल्या शेकडो विमानांना जमलं नाही, ही त्यातली खोच होती.

जूनच्या अखेरीस युद्धबंदी झाली आणि उडू शकतील ती विमानं समुद्रापलीकडे उत्तर आफ्रिकेत नेण्यात आली. त्यानंतर जे झालं ते फ्रान्सला आठवायला फारसं आवडत नाही. २४ आणि २५ सप्टेंबर १९४० ला फ्रेंचांच्या ताब्यातल्या डाकारवरच्या ब्रिटिश हल्ल्याचा बदला म्हणून, युद्धबंदीनंतर मार्शल पेताँ यांच्या हाती आलेल्या व्हिशी सरकारच्या लेओ, मार्टिन आणि डग्लस विमानांनी जिब्राल्टरवर बॉम्ब टाकले. १९४१ च्या उन्हाळ्यात सीरियामध्ये हीच लेओ विमानं ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि भारतीय तुकड्यांच्या सैन्याविरुद्ध उडाली. दमास्कसजवळच्या मेझे इथे भारतीय पाचव्या ब्रिगेडनं या आघाडीवर मोठी किंमत मोजली. बर्लिनवर बॉम्ब टाकणारे दाइयेरही १९४२ मध्ये फ्रीटाऊनच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिशांशीच लढताना मारले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनांनी दक्षिण फ्रान्स व्यापला आणि उरलेली लेओ विमानं घेऊन त्यांच्याकडून माल वाहून घेतला.

दुसऱ्या बाजूला, जर्मनीविरुद्ध लढत राहिलेल्या स्वतंत्र फ्रान्सची ‘लोरेन’ तुकडी ब्रिटिश हवाईदलात ३४२ या क्रमांकाखाली बोस्टन विमानं उडवत होती. म्हणजे फ्रान्सनं मागवलेल्या डग्लसचीच पुढची पिढी. कादंबरीकार रोमँ गारी आणि पुढे पंतप्रधान झालेले पिएर मँडेस-फ्राँस हे त्या तुकडीत होते. १९४४ पासून यॉर्कशरमधल्या एल्विंग्टन तळावरून ‘गुयेन’ आणि ‘त्युनिसी’ हे दोन फ्रेंच गट चार-इंजिनी हॅलिफॅक्स घेऊन रात्रीमागून रात्री रूरच्या कारखान्यांवर गेले. त्यांतले दोनशेहून जास्त परतले नाहीत. जर्मनीवर जड बॉम्बफेक करण्याचं दूए पंथीयांचं स्वप्न फ्रेंच माणसांनीच पुरं केलं, पण विमानं ब्रिटिश होती.

पराभवाचा दोष कुणाचा, हा खटला व्हिशी सरकारनं फेब्रुवारी १९४२ मध्ये रिओम इथे उभा केला. ब्लूम, दालादिए, सेनापती गामलँ आणि ला शाँब्र आरोपी होते. पिएर कॉट अमेरिकेत असल्यानं त्यांच्यावर गैरहजेरीत आरोप ठेवले. संपकरी कामगार, चाळीस तासांचा आठवडा आणि राष्ट्रीयीकरण यांनी हवाईदल बुडवलं, असा फिर्यादीचा रोख होता. पण आरोपींनी उलट प्रश्न विचारायला सुरुवात केली. १९३४ मध्ये लष्करी खर्च कापला तेव्हा युद्धमंत्री कोण होतं? उत्तर होतं, मार्शल पेताँ. खटला अंगाशी येऊ लागला आणि एप्रिलमध्ये तो गुंडाळण्यात आला.

न्यायालयानं अर्धवट सोडलेला निकाल इतिहासकारांनी पुढे बऱ्यापैकी दिला आहे. चूक एका पक्षाची, एका मंत्र्याची किंवा एका विमानाची नव्हती. १९३४ मध्ये घाई केली तेव्हा थांबायला हवं होतं आणि १९३६ ते ३८ मध्ये थांबले तेव्हा घाई करायला हवी होती. त्याहून मोठी चूक ही की विमानं मोजली गेली, कारखाने मोजले गेले नाहीत. विमान तीन-चार वर्षांत जुनं होतं. ते जुनं झाल्यावर नवं किती लवकर काढता येतं आणि त्यासोबत तोफ, पंखा, बिनतारी संच आणि शिकलेला वैमानिक किती लवकर येतो, यात देशाची हवाई ताकद असते. लेओ ४५१ हे विमान म्हणून काही कमी नव्हतं. त्याला आणखी एक वर्ष मिळालं नाही.

मार्सेल ब्लॉक यांनी जर्मनांसाठी काम करायला नकार दिला आणि त्यांची रवानगी बुखेनवाल्डच्या छळछावणीत झाली. ते जिवंत परतले, आपल्या भावाचं भूमिगत चळवळीतलं नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतलं आणि दसॉ या नावानं पुन्हा कारखाना उभा केला. भारतीय हवाईदलानं १९५३ मध्ये त्यांचं पहिलं जेट ‘तूफानी’ या नावानं घेतलं. त्यानंतर मिस्टेर, मिराज २००० आणि राफेल आले. नागपूरच्या मिहानमध्ये आज दसॉच्या विमानांचे भाग बनतात. आपल्याकडे स्क्वाड्रनच्या संख्येवरून वाद रंगतात, तेव्हा आकड्यापाशी थांबू नये. किती विमानं आहेत याबरोबरच, ती पडली किंवा जुनी झाली तर पुढची किती महिन्यांत आपल्याच कारखान्यातून बाहेर पडतील, हेही विचारायला हवं. १९४० च्या मे महिन्यात फ्रान्सला या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पण तोवर म्यूझवरच्या पुलावरून रणगाडे पार झाले होते.